खोड काढणारं गिऱ्हाईक

दुभाष्याने आपल्या पदरचा एकही शब्द घालू नये, हा नियम मी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. आणि त्यामागे तत्त्वनिष्ठेपेक्षा सावधगिरी अधिक होती. १९७४ सालच्या मार्च महिन्यात, लोहाऱ्याच्या बैलबाजाराच्या ओसाड मैदानात, एक स्वीडिश गृहस्थ आणि अकरा गावांची कूपनलिका सहकारी संस्था यांच्या मधोमध मी दोन दिवस उभा होतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब आदल्या संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर भरवसा हाय. पन एक शब्द इकडचा तिकडं होऊ देऊ नका. लोक बोलतात." लोक काय बोलतात, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी बौद्ध वस्तीतला होतो, आणि या व्यवहारात माझ्या वस्तीचा स्वार्थ होता, हे सर्वांना ठाऊक होते.

तो स्वार्थ लपवण्यासारखा नव्हता. आमच्या गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायका काठापासून चार हात दूर घागरी ठेवून बसत. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर नुसते ऊन. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि टँकर येऊ लागला, तेव्हा टँकरपुढेही रांगा दोन झाल्या. आम्ही वस्तीलगत स्वतःची विहीर खोदायला घेतली. चाळीस फुटांवर काळा पाषाण लागला, पहारी मोडल्या आणि काम थांबले. पुढे संस्था निघाली. बोअरचे मशीन आले की प्रत्येक गावातला पहिला बोअर, जिथे पाणी सर्वांत दुरून आणावे लागते तिथे घ्यायचा, असा शब्द आण्णासाहेबांनी भर सभेत दिला. आमच्या गावात अशी जागा एकच होती. माझी माय, भिमाबाई, त्या दिवसापासून मला रोज एकच प्रश्न विचारीत असे : "व्यंकट, मशीन कुठवर आलं?"

मशीन आता डोळ्यांसमोर होते. दुष्काळी कामांसाठी एका स्वीडिश कंपनीने ते जिल्ह्यात आणले होते. कामाची मुदत संपली, आणि जहाजाने परत नेण्यापेक्षा ते इथेच विकावे, असे कंपनीने ठरवले. परवानगी आलेली होती, आमच्या संस्थेचे कर्जही मंजूर झालेले होते. विक्रीसाठी आलेले हॉल्मग्रेन नावाचे गृहस्थ उमरग्याच्या विश्रामगृहात उतरले होते. पन्नाशीचे, उंच, मितभाषी, मानेवरची कातडी उन्हाने सोललेली. हैदराबादचा एक कंत्राटदार शनिवारी रोख रक्कम घेऊन येणार होता. जो पैसा मोजील त्याच्या शेतात बोअर, हा त्याचा सरळ धंदा होता. शुक्रवारपर्यंत संस्थेचा सौदा जुळला नाही, तर मशीन त्याचे होणार होते.

गुरुवारी सकाळी बोलणी सुरू झाली, आणि हॉल्मग्रेन यांनी पहिल्याच वाक्यात शेवटची किंमत सांगून टाकली.

"याहून कमी करता येणार नाही," ते म्हणाले. "जितकी कमी करता येत होती तितकी मी आधीच केली आहे."

मी ते जसेच्या तसे सांगितले. मंडळींनी समाधानाने माना हलवल्या. कुठून तरी सुरुवात झाली, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून घेतला.

मग धोंडीबा उठले. धोंडीबा सत्तरीचे, स्वतः अल्पभूधारक. परंतु पंचक्रोशीत कोणी बैल घ्यायला निघाला तर त्यांना बरोबर नेल्याशिवाय निघत नसे. त्यांनी मशीनभोवती दोन फेऱ्या घातल्या, टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, "खूर झिजल्यात."

"याचे खूर झिजले आहेत, असे ते म्हणतात," मी इंग्रजीत म्हणालो. हॉल्मग्रेन यांनी खिशातून वही काढून नोंद केली.

इंजिन सुरू केले. धोंडीबांनी कान दिला. "धाप लागती ह्याला. धूर बी काळा हाय, पोट बिघडलंय." रंगाला नख लावून पाहिले. "रंग नवा मारलाय. म्हंजे कातड्याखाली जखम आसनार." त्यांचे पाहून इतरही पुढे सरसावले. कोणाला रॉड उभे धरणारी शिडी वाकडी दिसली, कोणाला आवाज फुटका वाटला. कोणी रॉड मोजले आणि ते अपुरे ठरवले. अखेर मागून एकजण ओरडला, "मास्तर, सायबाला सांगा, फुकट दिलं तरी इचार करावा लागंल!" सगळे मैदान हसले. मी तेही वाक्य अचूक भाषांतर करून सांगितले; हसणे मात्र भाषांतरात आले नाही. संध्याकाळपर्यंत हॉल्मग्रेन यांच्या वहीत सतरा दोष जमा झाले होते. ती खिशात घालून ते जीपमध्ये बसले.

"पक्का बेपारी हाय," धोंडीबा कौतुकाने म्हणाले. "एवढं बोललो, पन तोंडावरची रेघ हालली न्हाय गड्याची."

शुक्रवारी सकाळी हॉल्मग्रेन वही उघडूनच जीपमधून उतरले.

"तुमचे सतरा आक्षेप मी तपासले," ते म्हणाले. "त्यांतले अकरा खरे आहेत, सहा खरे नाहीत. आणि एक दोष तुमच्या नजरेतून सुटला आहे. कॉम्प्रेसरची एक झडप गेल्या वर्षी तडकली होती. आम्ही ती दुरुस्त केली, ती टिकेल; परंतु तुम्हाला ते माहीत असायला हवे. म्हणून मी किंमत कमी करतो." आणि त्यांनी नवी किंमत सांगितली.

भाव उतरल्यावर कोणाच्या तरी चेहऱ्यावर आनंद दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. धोंडीबा धोतर झटकून उभे राहिले.

"चला."

"का वो धोंडीबा?" आण्णासाहेबांनी विचारले. "भाव तर पाडला की त्यानं."

"त्येच म्हंतो म्या. कुनी मागितला न्हाय आन् भाव पाडला. कुनाला दिसली न्हाय ती खोड आपन हून सांगितली. आसा इकनारा उभ्या जन्मात बघितला न्हाय. सांगितलेली खोड ही, तर दडवलेली केवढी आसंल?"

दहा-बारा जण त्यांच्यामागे उठले. ते काय म्हणाले, असे हॉल्मग्रेन यांनी मला विचारले. मी नियमाला धरून उत्तर दिले : "ते म्हणतात, तुम्ही हा दोष सांगता, तर जो लपवला आहे तो किती मोठा असेल."

त्यांची लाल मान आणखी लाल झाली. त्यांनी वही मिटली. "काल दिवसभर माझे मशीन कुचकामी असल्याचे ऐकले. आज मी खोटारडा असल्याचे ऐकतो आहे. चहाबद्दल त्यांचे आभार माना." ड्रायव्हरला त्यांनी मशीनची शिडी आडवी बांधून निघायची खूण केली.

मी तेही सांगितले. आण्णासाहेबांनी हात जोडले. "बरं," ते म्हणाले, "न्हाय जमलं तर न्हाय."

दोन दिवसांत माझ्याकडून एकही शब्द चुकला नव्हता. कोणीही येऊन तपासावे, इतके माझे काम चोख होते. आणि त्या चोख कामाच्या शेवटी शिडी बांधली जात होती, मशीन हैदराबादच्या रस्त्याला लागणार होते, आणि संध्याकाळी मायेचा प्रश्न मला ऐकून घ्यायचा होता. शब्द पोहोचवले म्हणजे म्हणणे पोहोचवले, असे मी आजवर मानत आलो होतो. ते मानणे सोयीचे होते, कारण त्यात माझ्यावर कोणताच आळ येत नव्हता.

मी आण्णासाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. "आता मी माझ्या पदरचं बोलणार आहे. आधी सांगून बोलतो, म्हणजे मागाहून कोणी काही म्हणायला नको."

ते म्हणाले, "बोला."

मी हॉल्मग्रेन यांच्याकडे वळलो. "साहेब, या मैदानात दर आठवड्याला जनावरांचा बाजार भरतो. इथे जनावराची स्तुती करतो तो वाटसरू. त्याची स्तुती मालकालाही आवडत नाही. दृष्ट लागेल अशी भीती वाटते. ज्याला ते जनावर घरी नेऊन दहा वर्षं सांभाळायचं आहे, तो त्याचे दात मोजतो, शेपटी ओढतो, खोड शोधतो. काल या लोकांनी सतरा दोष काढले, म्हणजे सतरा वेळा हे मशीन आपल्या दारात उभं करून पाहिलं."

"दोन दिवसांत एकही चांगला शब्द नाही?"

"चांगलं बोलले असते, तर तुम्ही कालच निघून जायला हवं होतं."

ते हसले नाहीत. परंतु शिडी बांधणाऱ्याला त्यांनी हाताने थांबवले. मी पुढे विचारले, "आता मला एक सांगा. झडपेबद्दल तुम्ही आपण होऊन का बोललात?"

प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. "माझे वडील होड्या बांधून विकत," ते सावकाश म्हणाले. "आमचे गाव समुद्राकाठी आहे, लहान आहे. विकलेली होडी बुडाली, तर बुडालेल्याची बायको आमच्याच गल्लीत राहायची. रोज दिसायची. म्हणून होडीत जे काही असेल, ते वडील विकण्याआधी सांगत."

मी ते मराठीत सांगितले. पुन्हा नियमाप्रमाणे, दुरुस्ती न करता, भर न घालता. इथे पदरचे काही घालण्याची गरजच नव्हती. निघालेले धोंडीबा मैदानाच्या कडेला थांबले होते. ते परत आले.

"होड्या इकत व्हता ह्याचा बाप?"

"व्हय."

"आन् बाई त्याच गल्लीत?"

"त्याच गल्लीत."

धोंडीबा खाली बसले. "मग खरं आसंल. आपल्याकडं बैल इकला का तो जातो चार बाजार फिरून कुठं बी. तोंड कुनाचं दिसत न्हाय. ह्याला तोंड दिसायचं." थोडा वेळ त्यांनी जमिनीवर काडीने रेघा ओढल्या. "पन पारख ती पारख. बैल घेताना गाडीची चाकं बांधून वढाया लावत्यात. त्याबिगर म्या व्हय म्हननार न्हाय. ह्या मशीनला आदी कठीन दगडावर लावा. व्यंकटाच्या वस्तीवर चाळीस फुटावर पहारी मोडल्या, तिथं लावा."

सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. आण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्ये तुमी तर न्हाय ना सुचवलं?"

"म्या सुचवलं," धोंडीबा म्हणाले. "माज्या तोंडात कुनाचं बोट न्हाय."

दुपारी मशीन वस्तीवर आले. गावातली जी माणसे कधी आमच्या गल्लीत पाऊल टाकीत नसत, ती त्या दिवशी आमच्याच घरांच्या सावलीत उभी होती. माय अर्धवट विहिरीच्या कठड्यावर रिकामी घागर घेऊन बसली होती. मशीनचा हातोडा सुरू झाला आणि जमिनीतून दगडाचे करडे पीठ फवाऱ्यासारखे उडू लागले. आमच्या पहारी जिथे मोडल्या होत्या ती खोली त्याने पंधरा-वीस मिनिटांत ओलांडली. साठ फूट, शंभर, दीडशे. लोक प्रत्येक रॉडला ओरडत होते. मी मात्र त्या पिठाकडे पाहत होतो. ते कोरडे होते. दोनशे फुटांवरही ते कोरडेच राहिले, आणि हॉल्मग्रेन यांनी मशीन बंद केले.

"लोण्यावानी कापला की रं पाषान!" धोंडीबांनी कधी नव्हे ती स्तुती केली, कारण आता सौदा ठरल्यातच जमा होता. लोक एकमेकांच्या पाठी थोपटू लागले.

धुळीने करडे झालेले हॉल्मग्रेन माझ्याजवळ आले. "पाणी लागले नाही. परीक्षा फसली. मग हे लोक आनंदात का आहेत?"

चाके बांधलेली गाडी ओढली गेली होती. गाडीत काय होते, हा त्या परीक्षेचा विषय नव्हता. हे त्यांना समजावून सांगणे अवघड नव्हते. पण त्या सगळ्या जमावात आनंद न झालेली माणसे म्हणजे ते परदेशी गृहस्थ आणि आमची वस्ती, एवढीच होती.

तेवढ्यात माय उठली. पदराने तोंडावरची धूळ पुसत ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सायेब, तुमचं मशीन आंधळं हाय. गुडघे मजबूत हायेत, पन डोळं न्हायत. वढा त्या अंगाला हाय. भर उन्हाळ्यात बी तिथली करंजाडं हिरवी ऱ्हात्यात. आन् तुमी हितं टोचत बसला. हिरीचा खड्डा दिसला म्हनून हितंच?"

मी शब्द न शब्द सांगितला. हॉल्मग्रेन यांनी तिच्याकडे पाहिले, मग ओढ्याच्या बाजूच्या करंजांकडे, आणि मग मला विचारले, "या खोड काढत आहेत. म्हणजे खरे गिऱ्हाईक याच आहेत का?"

"हो," मी म्हणालो. "मशीन इथे सगळ्यांनाच हवं आहे, पण यांच्याइतकं कोणालाच नाही." इंग्रजीत ते वाक्य फारसे बरे जमले नाही. तरी त्यांना ते कळले.

सौदा तिथेच, आमच्या समाजमंदिराच्या ओट्यावर ठरला. आण्णासाहेबांनी विड्याच्या पानावर रुपया ठेवून इसार दिला. "जबान दिली. सौदा पक्का." हॉल्मग्रेन यांनी पान घेतले, रुपया घेतला आणि कागद काढला. कंपनीचा छापील करार होता. त्याखाली त्यांनी हाताने एक कलम लिहिले आणि मला वाचायला दिले. मशीन ताब्यात देण्यापूर्वी कंपनीचे कामगार याच वस्तीवर, ओढ्याकाठी, विनामोबदला आणखी एक बोअर घेतील. आणि तो पुरा होईपर्यंत संस्था मशीन इथून हलवणार नाही.

मी ते मराठीत वाचून दाखवले, तसा आण्णासाहेबांचा चेहरा पडला. "ह्ये कशाला? आमी शब्द दिलाय की वस्तीला. ह्या हंगामात मोठ्या मळ्यांची कामं उरकू, कर्जाचा पैला हप्ता सुटंल, मग वस्तीचंच." ते वाईट माणूस नव्हते. दिलेला शब्द पुढच्या हंगामात ते पाळणार, याबद्दल त्यांच्या स्वतःच्या मनात शंका नव्हती. "मास्तर, सायबाला सांगा, आमच्यात आसलं लिहून घेत न्हायत. जबानीवर चालतं."

सकाळी इथल्या रीतीची वकिली मी या परदेशी माणसापुढे केली होती, आणि ती मनापासून केली होती. आता इथलीच दुसरी रीत माझ्या तोंडून मांडली जायची होती. भाषांतर सोपे होते, सारे शब्द तयार होते.

"सांगतो," मी म्हणालो. "पण आण्णासाहेब, आधी एक कळू द्या. 'आमच्यात' म्हणजे कोणात? मळेवाल्यांच्या आणि तुमच्या बोलण्यात जबान चालते, ती मी पाहिली आहे. आमच्या विहिरीबद्दल, टँकरच्या रांगेबद्दल आजवर ज्या जबानी दिल्या गेल्या, त्यांतली कोणती चालली, ती एक सांगा. तीच मी साहेबांना दाखला म्हणून सांगतो."

 हॉल्मग्रेन पेन हातात धरून थांबले होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी मला काही विचारले नाही. आण्णासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटते, मी केलेला प्रश्न त्यांना उद्धट वाटला नाही. त्याचे उत्तर शोधताना ते सापडेना, याचा त्यांना त्रास झाला.

शेवटी धोंडीबाच बोलले. "लिहा की. जबान पक्की आसंल तर कागदानं ती काय झिजत न्हाय."

आण्णासाहेबांनी टोपी घातली, पेन घेतले आणि सही केली. खाली माझी साक्ष घालायची होती. दुभाषा म्हणून घालू का, असे मी विचारले, तर ते म्हणाले, "गावकरी म्हनून घाला."

हॉल्मग्रेन शुक्रवारी रात्रीच हैदराबादला निघाले. कंत्राटदार रोकड घेऊन निघण्याआधी त्याला नकार त्यांना समक्षच द्यायचा होता. रविवारी त्यांच्या कामगारांनी मायेने दाखवलेल्या करंजाखाली हातोडा लावला. एकशे बारा फुटांवर पीठ काळवंडले, मग त्याचे गोळे पडू लागले, मग चिखल, आणि मग पाणी. हापसा बसायला महिना गेला.

तो बसला त्या सकाळी वस्ती तिथे जमली. पहिला मान भिमाबाईचा, असे बायकांनीच ठरवले होते. मायेने दांडा मारला, ओंजळीत पाणी घेतले, तोंडात फिरवले आणि गिळले.

"कसं हाय?" मी विचारले.

"मचूळ हाय जरा," ती म्हणाली. घागर भरेपर्यंत ती दांडा मारत राहिली. "दांडा बी जड केलाय. आन् तोंड इतकं खाली ठिवलंय, मोठी घागर बसत न्हाय त्याच्याखाली." भरलेली घागर तिने बाजूला सरकवली आणि दुसरी लावली.

त्याच आठवड्यात मी हॉल्मग्रेन यांना पत्र लिहिले. पाणी लागल्याचे त्यांना कामगारांकडून कळलेच होते. मी फक्त मायेने काढलेल्या तीन खोडी क्रमाने, आकडे घालून लिहिल्या, आणि त्याखाली कोणतेही स्पष्टीकरण न जोडता सही केली.